स्मिथ हे घराणं नाही, गावोगावचा धंदा आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत परदेशी क्रिकेटपटूंच्या आडनावांवर एक छोटा मजकूर आला होता, त्यात स्मिथबद्दल तीन गोष्टी सांगितल्यात. एक, की स्मिथ हे इंग्लंडमधलं जुनं लढवय्यं घराणं. दोन, की नाव स्माइट म्हणजे प्रहार करणे यावरून आलं. आणि तीन, की अमेरिकेत बंदरावरच्या कारकुनांनी येईल त्याचं नाव बदलून स्मिथ करून टाकलं म्हणून तिथे एवढे स्मिथ झाले. संपादकसाहेब, तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि मी एवढं लांब पत्र लिहितोय त्याला कारण आहे. माझा संभाजीनगरहून पर्यटकांना अजिंठ्याला घेऊन जायचा व्यवसाय आहे. तिथे स्मिथ या नावाशी आमची रोजची गाठ पडते आणि लोकांच्या डोक्यात नेमके हेच गैरसमज पक्के बसलेले असतात, त्यात पेपरमध्ये छापून आलं की मग कुणी ऐकतच नाही.

अजिंठ्याचं आधी सांगतो. दहा नंबरच्या लेणीत, म्हणजे जुन्या चैत्यगृहात, एका खांबावर जॉन स्मिथ असं नाव कोरलेलं आहे, खाली घोडदळाच्या पलटणीचा उल्लेख आणि एप्रिल १८१९ ची तारीख. मद्रास फौजेतला हा अधिकारी वाघाच्या शिकारीला आला होता, त्याला पलीकडच्या कड्यावरून लेणी दिसली. आसपासच्या लोकांना ती ठाऊक होतीच, शोध लागला तो इंग्रजांना. आज नाव शोधायला गेलं तर मान वर करून बघावं लागतं, कारण त्याने कोरलं तेव्हा लेणीत पुरुषभर उंचीच्या आसपास दगडमाती साचलेली होती आणि तो त्या ढिगाऱ्यावर उभा होता. दोन हजार वर्षं जुन्या खांबावर, बोधिसत्त्वाच्या चित्रावरच त्याने ते खरवडलंय, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता गंमत बघा, लोक पहिला प्रश्न काय विचारतात, तर "हा तोच का पोकाहोंटासवाला जॉन स्मिथ?" अहो, पोकाहोंटास या अमेरिकेतल्या आदिवासी मुलीच्या गोष्टीतला, तिथल्या जेम्सटाउन या इंग्रज वसाहतीत १६०७ मध्ये गेलेला तो जॉन स्मिथ १६३१ मध्येच वारला, अजिंठ्याच्या जवळपास दोनशे वर्षं आधी! दुसरे विचारतात, पेशव्यांशी लढलेला जनरल स्मिथ याचा कोण? तर तो लायोनेल स्मिथ. १८१७ च्या नोव्हेंबरात येरवड्याच्या बाजूने येऊन पुणं घेणारा, आणि फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीच्या लढाईत बापू गोखल्यांसमोर असणारा. त्या लढाईत बापू गोखले पडले, सातारकर महाराज इंग्रजांच्या हाती लागले. आणि ही लढाई झाल्यावर चौदा महिन्यांनी अजिंठ्याला जॉन स्मिथ येतो. सारखं आडनाव, दोघंही इंग्रज फौजेतले, त्यामुळे भाऊ नाहीतर चुलतभाऊ तरी असणार असं आपल्याला वाटणारच. पण नुसतं आडनाव सारखं आहे एवढ्यावरून त्यांचं काही नातं ठरत नाही, आणि का ठरत नाही तेच मला सांगायचंय.

आपल्याकडे आडनाव ऐकलं की आपण लगेच हिशोब सुरू करतो. गाव कुठलं, पाहुणे कुणाचे, आणि खरं बोलायचं तर जात कोणती. पण आपल्याकडेच एक आडनाव आहे ज्याच्याबाबतीत हा हिशोब चालत नाही, ते म्हणजे पाटील. पाटील मराठा असतो, लिंगायत असतो, जैन असतो, आगरी असतो, कोळी असतो, लेवा असतो. जळगावचा पाटील आणि सांगलीचा पाटील भेटले तर भाऊबंद आहोत असं दोघांच्याही मनात येत नाही, कारण पाटील हे मुळात गावच्या कामाचं नाव, ते काम प्रत्येक गावात होतं, म्हणून गावागणिक वेगवेगळे पाटील झाले. स्मिथचं तंतोतंत तसंच आहे. फक्त तिथलं काम पाटीलकीचं नव्हतं, भट्टीवरचं होतं.

स्मिथ म्हणजे धातूचं काम करणारा, मुख्यतः लोहार. हा जुन्या इंग्रजीतला, फ्रान्सकडून नॉर्मन लोक यायच्याही आधीचा शब्द आहे. जर्मनमध्ये त्याचाच भाऊ श्मिट, डचमध्ये स्मिट. प्रहार करणे या अर्थाच्या स्माइटशी त्याचा संबंध उच्चारापुरता, लोहार घण मारतो म्हणून लोकांनी नंतर जुळवलेली ती कथा आहे, शब्दकोश बघितले तर दोन्ही शब्दांची मुळं वेगळी सापडतात. आणि नावापुढे हा शब्द लागलेली अगदी जुनी नोंद उत्तर इंग्लंडमधल्या डरहम भागातली आहे, साधारण इसवी सन ९७५ ची, एकिअर्ड स्मिथ नावाच्या माणसाची. ते त्याचं पिढीजात आडनाव नव्हतं हं, एकिअर्ड लोहार, एवढाच त्याचा अर्थ, जसं आपल्याकडे गावात रामा सुतार, गणपत न्हावी म्हणायचे.

१०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि त्यानंतर हळूहळू आडनावं पक्की व्हायला लागली. आधी उमरावांची, मग शहरातल्या व्यापाऱ्यांची, मग खेड्यातल्या साध्या माणसांची. याला दोन-तीनशे वर्षं लागली, साधारण १४०० पर्यंत बहुतेक इंग्लंडमध्ये बापाचं आडनाव मुलाला लागायला लागलेलं दिसतं. का लागलं, तर एक म्हणजे त्या काळात लोक आपल्या मुलांना तीच ती चार-पाच नावं ठेवायचे, जॉन, विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, थॉमस, त्यामुळे एका गावात दहा जॉन. आणि दुसरं म्हणजे कर. १३७७, १३७९ आणि १३८१ मध्ये राजाने डोईपट्टी, म्हणजे माणशी कर, लावली, त्याच्या याद्या आजही आहेत, आणि कर घ्यायचा म्हटलं की कुठला जॉन ते नीट लिहावं लागतं. मग कुणी जॉनचा मुलगा म्हणून जॉन्सन, कुणी टेकडीजवळ राहतो म्हणून हिल, कुणाचा रंग सावळा म्हणून ब्राउन, आणि भट्टीवाला तो स्मिथ. त्या याद्यांत एक फार छान गोष्ट दिसते, काही माणसांचं आडनाव एका धंद्याचं असतं आणि पुढे लिहिलेला धंदा दुसराच असतो. म्हणजे तेव्हाच नाव आणि काम वेगळं व्हायला सुरुवात झाली होती. लोहाराच्या मुलाने शेती केली, नातवाने लोकरीचा व्यापार केला, नाव मात्र स्मिथच राहिलं.

बरं, मग स्मिथच एवढे का? धंद्यावरून पडलेली आडनावं इंग्रजीत ढिगाने आहेत, टेलर, बेकर, कुक, क्लार्क, मिलर, कूपर. पण भाकरी घरी भाजता येते, कपडा घरी शिवता येतो, लोखंड घरी तापवता येत नाही. त्याला भाता लागतो, ऐरण लागते, सांडशी, घण, कोळसा आणि हातात ते कसब लागतं. नांगराचा फाळ झिजला की शेवटून, म्हणजे तापवून टोक काढून, घ्यायला त्याच्याकडेच, विळा, कुऱ्हाड, दाराची बिजागरी, चाकाची धाव, घोड्याचे नाल, कुलूप, साखळी, सगळं तिथेच. मी लहानपणी आमच्या गावच्या लोहाराकडे फाळ घेऊन जायचो तेव्हा पेरणीच्या आधी तिथे रांग असायची. लाल झालेला फाळ ऐरणीवर ठोकून तो पाण्यात बुडवायचा तेव्हाचा आवाज आणि वास आजही आठवतो. म्हणून हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही, लोहार नसेल तर गावची शेती थांबते हे डोळ्यांनी बघितलंय. इंग्लंडमध्येही तेच, गाव लहान असो की मोठं, एक तरी स्मिथ हवाच.

आणि दुसरं कारण असं, की बाकीच्या धंद्यांची नावं प्रांताप्रांतात वेगळी होती. कापड पाण्यात तुडवून घट्ट करणाऱ्याला एका भागात फुलर म्हणायचे, नैर्ऋत्येकडे टकर, उत्तरेकडे वॉकर, म्हणजे एकाच धंद्याची माणसं तीन आडनावांत वाटली गेली. स्मिथ हा शब्द मात्र सगळीकडे एकच. आता त्यातही बारीक धंदे होते, बाणाची टोकं करणारा ॲरोस्मिथ, नाल करणारा शूस्मिथ, सोनार तो गोल्डस्मिथ, आणि सिक्सस्मिथ म्हणून एक आडनाव आहे, ते ऐकून वाटतं सहा लोहार, पण मूळ आहे सिकलस्मिथ, विळे करणारा. ब्लॅकस्मिथ असं आडनाव मात्र जवळपास सापडतच नाही, कारण नुसतं स्मिथ म्हटलं की लोखंडाचा हे सगळ्यांना कळायचं. काही घरांत स्मिथचं स्पेलिंग वाय घालून स्मायथ करतात, त्यामागे मोठेपणाची हौस आहे असं समजतात, पण जुन्या हस्तलिखितात एमच्या उभ्या रेघांच्या शेजारी आय आला की तो वाचताच यायचा नाही, म्हणून लेखनिक तिथे वाय लिहायचे. बरेचसे लेखनिक तर लॅटिनमध्येच नोंद करायचे आणि स्मिथच्या जागी फेबर लिहायचे.

आकडे सांगतो, कारण त्याशिवाय याचा आवाका कळत नाही. १८५३ च्या सुमाराला इंग्लंड आणि वेल्सच्या रजिस्ट्रार जनरलने आडनावांची मोजदाद केली, तेव्हा अंदाजे २ लाख ५३ हजार ६०० स्मिथ होते, म्हणजे साधारण त्र्याहत्तर माणसांमागे एक, आणि पाठोपाठ वेल्समुळे वाढलेले जोन्स, २ लाख ४२ हजार. आज ब्रिटनमध्ये पाच लाखांहून जास्त स्मिथ आहेत, ऑस्ट्रेलियातही पहिला नंबर त्यांचाच. आणि अमेरिकेत २०१० च्या जनगणनेत २४ लाख ४२ हजार ९७७ स्मिथ निघाले, दुसऱ्या नंबरचे जॉन्सन त्यांच्या पाच लाखांनी मागे.

इथेच तुमच्या तिसऱ्या वाक्याचा प्रश्न येतो. अमेरिकेत हे चोवीस लाख सगळे इंग्लंडच्या लोहारांचे वंशज नाहीत, हे खरं. पण न्यूयॉर्कच्या बंदरातल्या एलिस बेटावर, जिथे बाहेरून येणाऱ्यांची तपासणी व्हायची, तिथल्या कारकुनाने नावं बदलली ही निव्वळ दंतकथा आहे. ते केंद्र १८९२ मध्ये सुरू झालं, १९५४ मध्ये बंद झालं, आणि तिथले अधिकारी जहाजाची यादी समोर ठेवून तपासणी करायचे, ती यादी जहाज सुटायच्या आधी तिकडच्या बंदरात तयार झालेली असायची. नावं बदलली ती लोकांनी स्वतः, नंतर, नोकरीसाठी, शाळेसाठी, शेजाऱ्यापाजाऱ्यांत मिसळून जायला. पहिल्या महायुद्धात तिथे जर्मन नावाच्या माणसाला जगणं अवघड झालं तेव्हा कित्येक श्मिट स्मिथ झाले. अहो तेव्हा इंग्लंडच्या राजाने सुद्धा १९१७ मध्ये आपल्या घराण्याचं जर्मन नाव टाकून विंडसर घेतलं, तिथे साध्या माणसाचं काय. आयर्लंडमध्ये, विशेषतः कॅव्हन भागात, मॅक गॅव्हन म्हणजे लोहाराचा मुलगा, त्यांनी इंग्रजी राजवटीत सरळ भाषांतर करून स्मिथ लावलं.

आणि सगळ्यात जड भाग तो गुलामगिरीचा. २०१० च्या त्याच जनगणनेत अमेरिकेतल्या स्मिथांपैकी जवळपास तेवीस टक्के कृष्णवर्णीय आहेत. १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली तेव्हा लाखो माणसांना कागदावर पहिल्यांदा पूर्ण नाव लिहायची वेळ आली, काहींनी जुन्या मालकाचं नाव ठेवलं, काहींनी मुद्दाम ते टाकून दुसरं घेतलं, आणि सगळीकडे चालणारं नाव म्हणून स्मिथ अनेकांच्या वाट्याला आलं. अशा माणसाला "तुमचं मूळ घराणं लढवय्यं" असं सांगणं मला बरोबर वाटत नाही. त्याच्या आजोबा-पणजोबांची खरी नावं पुसून टाकलेली आहेत, त्यावर खोटं घराणं चिकटवायचं हे वाईट आहे.

आता इथे मला लायोनेल स्मिथकडे परत यावं लागतंय, कारण ही गोष्ट मराठीत कुणी सांगत नाही. आष्टीला आपल्याशी लढलेला, तिथे स्वतः जखमी झालेला हा जनरल पुढे बार्बाडोसचा गव्हर्नर झाला, आणि तिथून १८३६ मध्ये जमैकाचा. १ ऑगस्ट १८३८ ला ब्रिटिश वेस्ट इंडिजमधल्या गुलामांची उरलीसुरली बांधीलकी संपली, ते पूर्ण मोकळे झाले, तेव्हा जमैकाच्या गव्हर्नरपदावर हाच माणूस होता. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात तो आष्टीला येतो आणि तिथेच संपतो, पण तिकडच्या लोकांच्या इतिहासात तो स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या वेळचा गव्हर्नर आहे. एकच माणूस, दोन समुद्रांपलीकडे दोन वेगळ्या आठवणी. मला हे कळलं तेव्हा मी बराच वेळ त्याच विचारात होतो.

तुम्ही क्रिकेटपटूंबद्दल लिहिलं होतं म्हणून तिथलंच उदाहरण घ्या. ड्वेन स्मिथ बार्बाडोसचा, मुंबई इंडियन्सकडून खेळला. ग्रॅम स्मिथ दक्षिण आफ्रिकेचा माजी कॅप्टन. स्टीव्ह स्मिथ ऑस्ट्रेलियाचा, २०१७ मध्ये पुण्याच्या टीमचा कॅप्टन होता आणि फायनल एका रनने गेली, ते दुःख पुणेकर अजून विसरलेले नाहीत. तीन खंडांतली तीन माणसं, तिघांचं आडनाव एक. त्यांचा एक पूर्वज शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही, पण एक भट्टी शोधायला गेलात तर हजारो सापडतील.

आणखी एक सांगायचं राहिलं. परदेशात राहणारे आपले लोक सुट्टीवर आले की आमच्या गाडीत गप्पा होतात, त्यांनी तिकडच्या मॉलमध्ये आडनावाप्रमाणे ढाल-तलवारीचं चिन्ह छापलेले चहाचे मग आणि लाकडी पाट्या बघितलेल्या असतात, स्मिथ घराण्याचं राजचिन्ह म्हणून. असं काही नसतं. इंग्लंडमध्ये ही चिन्हं द्यायचं काम लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्सकडे आहे, १४८४ पासून, आणि त्यांचा नियम स्वच्छ आहे, चिन्ह एका माणसाला मिळतं आणि त्याच्या वंशजांना, आडनावाला कधीच नाही. त्यामुळे सगळ्या स्मिथांचं एक चिन्ह ही विकायला काढलेली वस्तू आहे, इतिहास नाही. लोकांचे पैसे जातात ते जातात, पण डोक्यात घराण्याची कल्पना घट्ट बसते ते जास्त वाईट.

लोहाराचं नाव लावून माणसं मोठी झाली हे सांगायला राजचिन्ह कशाला पाहिजे? स्कॉटलंडच्या कर्कॉल्डी गावात १७२३ मध्ये जन्मलेला ॲडम स्मिथ, ज्याला अर्थशास्त्राचा जनक म्हणतात, त्याचे वडील वकिली करणारे आणि पुढे कस्टममध्ये अधिकारी. जेम्स नॅस्मिथ म्हणून स्कॉटिश इंजिनियर होता, त्याच्या आडनावाचं मूळ अभ्यासक सुऱ्या करणाऱ्या लोहारात शोधतात आणि त्याने १८४२ मध्ये पेटंट घेतलं ते वाफेच्या घणाचं! आणि हे फक्त इंग्रजीत नाही. पोलंडचा कोवाल्स्की, हंगेरीचा कोवाच, रशियाचा कुझनेत्सोव, स्पेनचा हेरेरो, अरबांचा हद्दाद, कॉर्नवॉलचा अँगोव, सगळे लोहार. आपण ज्या गाडीचं पोस्टर भिंतीवर लावतो ती फेरारी, तो सुद्धा लोहारच.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे लोहार आडनाव लावणाऱ्या मुलाला कॉलेजात, भाड्याच्या खोलीसाठी, लग्न ठरवताना अजून नको ते प्रश्न विचारले जातात. माझ्या ओळखीतल्या एकाने मुलांच्या दाखल्यावर गावाच्या नावापुढे ‘कर’ लावून आडनाव घातलं, मी त्याला दोष देत नाही, त्याने भोगलंय. तिकडे नाव धंद्यापासून सहाशे वर्षांपूर्वी सुटलं म्हणून स्मिथ कुणीही असू शकतो, पाद्री, प्रोफेसर, जनरल, ओपनिंग बॅट्समन. इकडे नाव धंद्याला आणि धंदा जातीला बांधून ठेवला, त्यामुळे धंदा सोडला तरी नावाने माणसाला सोडलं नाही. दोन्हीकडे ऐरण तीच, भाता तोच. मला हे फार लागतं, म्हणून लिहिलं.

तर माझी विनंती एवढीच आहे. पुढच्या रविवारी त्याच जागी, त्याच आकारात दुरुस्ती छापावी, आतल्या पानावर कोपऱ्यात नको. स्माइटची गोष्ट काढा, एलिस बेटाची काढा, घराण्याची तर आधी काढा. आणि जमलंच तर आपल्याकडच्या धंद्यावरून आलेल्या आडनावांवर, सुतार, लोहार, तांबट, पोतदार, चिटणीस, सबनीस, यांच्यावर नीट अभ्यास असलेल्या माणसाकडून चार रविवार लिहून घ्या, त्यात भट्टीवर अजून काम करणाऱ्या माणसांशीही बोला, फोटोसकट. आमच्या तालुक्यातले दोन-तीन जण अजून पेरणीच्या आधी फाळ शेवटून देतात, तुमचा वार्ताहर आला तर मी स्वतः गाडीने घेऊन जाईन, भाडं नको.

कळावे,
आपला नियमित वाचक,
छत्रपती संभाजीनगर